कार्टर घराण्याची मधली मुलगी

टेनेसी राज्याची राजधानी जी नॅशव्हिल नगरी, तेथे कंट्री संगीताच्या मानकऱ्यांची दप्तरदारी करणारी ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ नावाची एक संस्था असून, १९६१ पासून तिने ज्यांची नावे आपल्या सन्मानयादीत दाखल करून घेतली, त्यांचे कांस्यपट तिच्या भिंतींवर लावलेले आहेत. या यादीत कार्टर कुटुंब १९७० साली आले, गायक जॉनी कॅश १९८० साली आला. आणि त्या कुटुंबाची मुलगी व त्या कॅशची पत्नी असलेली जून कार्टर हिचे नाव तेथे लागण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. तोवर तिच्या मृत्यूला बावीस वर्षे लोटली होती. या विलंबाच्या मुळाशी कोणा एकाचा आकस होता असे मानण्याचे कारण नाही. यादी करणाऱ्यांच्या वहीत गायकाचा रकाना असतो, गीतकाराचा असतो, वादकाचा असतो. परंतु गाणे, हसवणे, नाचणे, बोलणे, कार्यक्रमाची सूत्रे सांभाळणे आणि प्रसंगी दुसऱ्याचा सदरा इस्त्री करून त्याला वेळेवर रंगमंचावर उभा करणे, ही सर्व कामे जी बाई बालपणापासून साठ वर्षांहून अधिक काळ एकाच व्यवसायाचे अंग म्हणून करीत आली, तिला नेमके कोणत्या रकान्यात मांडावे, हा पेच त्यांना पडला असावा.

कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेचे ग्रामीण लोकसंगीत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती निम्मी खरी आहे. ॲपलाचियन पर्वतराजीत स्थायिक झालेल्या स्कॉटिश, आयरिश व इंग्रज कुळांनी बरोबर आणलेली लांबलचक कथागीते, प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक स्तोत्रे, आफ्रिकेतून दास्यात आणलेल्या लोकांकडून आलेला बँजो आणि त्यांच्याच वंशजांनी घडविलेले ब्लूज, या सर्वांची सरमिसळ त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली होती. तथापि या मिश्रणाला आज आपण ज्या नावाने ओळखतो ते नाव आणि ज्या रूपात ऐकतो ते रूप देण्याचे काम १९२० नंतर दोन यंत्रांनी केले: एक ग्रामोफोनची तबकडी आणि दुसरा रेडिओ. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असल्यामुळे वीस-वीस कडव्यांची कथागीते छाटली गेली, आणि रेडिओचा कार्यक्रम कोणा ना कोणा मालाच्या विक्रीसाठी चालत असल्यामुळे गाणाऱ्याला गाण्याइतकेच बोलणेही साधावे लागले. लोकसंगीत आणि बाजारपेठ यांचे हे लग्न ज्या मांडवात लागले, त्या मांडवातच जून कार्टरचे घराणे उभे होते.

ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सरहद्दीवर असे वसले आहे, की त्याच्या मुख्य रस्त्याचा एक काठ या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात पडतो. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या वतीने राल्फ पीअर नावाचा एक जाणता गृहस्थ ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन तेथे उतरला आणि टोप्यांच्या व्यापाराची पूर्वीची एक इमारत भाड्याने घेऊन त्याने आसपासच्या मुलखातील गाणाऱ्यांना निमंत्रण दिले. पंचवीसेक मैलांवरील मेसेस स्प्रिंग या डोंगराळ वस्तीतून आल्व्हिन प्लेझंट कार्टर, ज्याला सर्वजण ए. पी. म्हणत, तो आपली पत्नी सेरा आणि भावजय मेबेल यांना मोटारीत घालून निघाला. सेरा आणि मेबेल या माहेरकडून नात्यातल्या बहिणी आणि सासरकडून जावा होत्या. मेबेलचे वय अठरा वर्षांचे, आणि तिचे दिवस अगदी भरत आलेले. त्यामुळे तिचा नवरा एझ्रा तिला खडबडीत रस्त्याने पाठवायला तयार नव्हता, आणि ‘तुझ्या मक्याच्या शेतातले तण मी काढून देईन’ या बोलीवर ए. पी. ने त्याची संमती मिळविली, असे त्या घरात सांगत. १ आणि २ ऑगस्ट या दोन दिवसांत त्यांनी सहा गाणी मुद्रित केली. दर गाण्यास पन्नास डॉलर आणि विक्रीवर काही हिस्सा, असा मोबदला ठरला होता. दोनच दिवसांनी त्याच इमारतीत जिमी रॉजर्स हा दुसरा थोर गायक प्रथमच मुद्रित झाला, म्हणून अमेरिकेतील संगीताचे इतिहासकार ब्रिस्टलच्या त्या दोन आठवड्यांना कंट्री संगीताचा उगम मानतात. उगम अर्थातच त्याहून जुना होता. उगम झाला तो धंद्याचा.

या तिघांची कामे वाटलेली होती. सेराचा आवाज भरदार आणि किंचित उदास, मुख्य गायन तिचे, ए. पी. मनात येईल तेव्हा आपला स्वर त्यात मिसळी, नाही तर गप्प राही; आणि मेबेल गिटार वाजवी. हे गिटारवादन मात्र साधे नव्हते. तोपर्यंत गिटार हे वाद्य गाण्याला ठेका पुरविण्यापुरते वापरले जाई. मेबेलने अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटाने वरच्या तारांवर ठेका धरायचा, अशी रीत बसविली, आणि पुढे अमेरिकेतील असंख्य मुलांनी गिटारवरचा पहिला धडा म्हणून हीच रीत गिरवली. १९२८ साली पैसे हाती येताच तिने गिब्सन कंपनीची २७५ डॉलरची गिटार विकत घेतली. त्या डोंगरात ही रक्कम ऐकूनच लोकांचे डोळे विस्फारले असतील.

ए. पी. चे काम गाणी जमविण्याचे. खेड्यापाड्यांतून हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून तो शब्द उतरवून घेई, आणि त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात पाय गमावलेला हा तरुण एकदा ऐकलेली चाल विसरत नसे, शब्द ए. पी. च्या कागदावर आणि चाल रिडलच्या डोक्यात, अशा रीतीने त्या दोघांनी फार मोठा साठा घरी आणला. पीअरच्या दप्तरात तो साठा नोंदविला गेला तो ए. पी. कार्टरच्या नावाने. रिडलचे नाव तबकड्यांवर आले नाही. विद्वानांनी त्याला शोधून काढले तेव्हा १९६० नंतरचा काळ उजाडला होता. कोणाचे श्रम कोणत्या नावे जमा होतात, हा प्रश्न या घराण्याच्या हिशेबात अगदी पहिल्या पानापासून आहे, आणि जूनच्या वाट्याला तो पुढे वेगळ्या रूपात आला.

मेबेल आणि एझ्रा यांची मधली मुलगी जून हिचा जन्म २३ जून १९२९ चा. थोरली हेलन १९२७ ची, म्हणजे ब्रिस्टलला आईच्या पोटी असलेली तीच. धाकटी अनिता १९३३ ची. वडील एझ्रा रेल्वेच्या टपालगाडीत कारकुनी करीत, त्यामुळे घरात ठराविक पगार येई आणि शेजाऱ्यांच्या मानाने कुटुंब सुस्थितीत होते. मुलींना गाणे कोणी ‘शिकविले’ असे म्हणता येणार नाही. घरात सतत चालणाऱ्या कामांपैकी ते एक होते. तथापि व्यवसाय म्हणून त्याची पहिली ओळख त्यांना झाली ती टेक्ससच्या सीमेवर, आणि ती कहाणी इतकी विलक्षण आहे की तिच्यासाठी थोडे थांबले पाहिजे.

जॉन ब्रिंकली नावाचा एक भोंदू वैद्य पुरुषांच्या शरीरात बोकडाच्या ग्रंथी बसवून त्यांना तारुण्य मिळवून देण्याचा धंदा कॅन्सस राज्यात करीत असे. त्याचा वैद्यकीचा परवाना आणि रेडिओचा परवाना दोन्ही हिरावून घेतले गेल्यावर तो मेक्सिकोच्या सीमेकडे वळला आणि रिओ ग्रांदे नदीपलीकडे त्याने एक्सईआरए हे नभोवाणी केंद्र चालविले. अमेरिकेत केंद्रांना सर्वसाधारणपणे पन्नास किलोवॉटपेक्षा अधिक शक्ती वापरण्याची मुभा नव्हती. ब्रिंकलीचे केंद्र ऐन भरात पाचशे किलोवॉटचे होते, आणि रात्री त्याचा आवाज उत्तर अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात पोचे. औषधे व केसांचे कलप विकणाऱ्या शिकागोच्या एका कंपनीने १९३८ च्या हिवाळ्यात कार्टर कुटुंबाला या केंद्रावर गाण्यासाठी करारबद्ध केले आणि सर्वजण नदीअलीकडच्या डेल रिओ गावी येऊन राहिले. लवकरच मुलीही ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहू लागल्या. तेव्हा जून दहा वर्षांच्या आसपास होती.

याच सुमारास तिने आणखी एक धडा घेतला असावा, जो कोणी मुद्दाम दिला नव्हता. काका ए. पी. आणि काकू सेरा यांचे केव्हाच फाटले होते. १९३३ पासून ती दोघे वेगळी राहत होती आणि कायदेशीर विभक्तीही झाली होती. तरीही ‘कार्टर कुटुंब’ या नावाने ती एकाच ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून गृहसौख्याची आणि ईश्वरनिष्ठेची गाणी गात. एके दिवशी सेराने त्या अफाट शक्तीच्या केंद्रावरून एक गाणे कॅलिफोर्नियातील कॉय बेझ याला उद्देशून म्हटले. हा बेझ ए. पी. चाच मामेभाऊ आणि सेराच्या मनातला पुरुष. ते गाणे ऐकून तो टेक्ससला आला, आणि १९३९ च्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. कार्यक्रम त्यानंतरही चालू राहिला, ए. पी. सह. घरात काहीही घडो, ठरलेल्या वेळी ध्वनिक्षेपकासमोर हसतमुखाने उभे राहायचे, ही त्या व्यवसायाची शिस्त मुलींनी जवळून पाहिली.

१९४१ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने ते केंद्र बंद पाडले, आणि १९४३ च्या सुमारास मूळ त्रिकूट कायमचे विसर्जित झाले. मग एझ्राने आपल्या घरापुरती नवी मंडळी उभी केली: ‘मदर मेबेल आणि कार्टर भगिनी’. हेलन गिटारखेरीज अकॉर्डियन वाजवी आणि स्वररचनेत पक्की होती. अनिताचा आवाज इतका स्वच्छ आणि उंच चढणारा, की जाणकार तिला त्या काळातील श्रेष्ठ गायिकांत गणतात. मधल्या जूनच्या हाती ऑटोहार्प हे तंतुवाद्य होते आणि गळ्यात स्वर पुरता ठरत नसे. बहिणींच्या मानाने आपण गाण्यात कमी आहोत, हे तिला लहानपणीच कळून चुकले आणि तिने ते पुढे आत्मचरित्रातही मोकळेपणाने सांगितले. मला हा तिच्या आयुष्यातील निर्णायक क्षण वाटतो. गाणाऱ्या घराण्यात जन्मून गळा न लाभणे ही गोष्ट दुसऱ्या एखाद्या मुलीला स्वयंपाकघराकडे घेऊन गेली असती. जूनने तिच्यातून स्वतःची जागा काढली. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात लोकांना खिळवून ठेवण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले.

रिचमंडच्या रेडिओवर आणि ‘ओल्ड डोमिनियन बार्न डान्स’ या कार्यक्रमात ती ‘आंट पॉली’ नावाच्या अडाणी, फटकळ डोंगरी बाईचे सोंग आणू लागली. आपल्याकडे तमाशाच्या फडात सोंगाड्याला जो मान आहे, तो ज्यांनी जाणला आहे त्यांना हे काम हलके वाटणार नाही. गौळणीतली मावशी आणि वगातला सोंगाड्या यांच्यावाचून फड उभा राहत नाही, हे फडमालकाला ठाऊक असते, बिदागीच्या यादीत त्याचे नाव कितवेही असो. जून पडायची, धडपडायची, स्वतःच्या रूपावर विनोद करायची, नाचताना पायातले जोडे भिरकावायची. आणि देखणी मुलगी स्वतःचे हसे करून घेते आहे, यातली गंमत तिला पुरेपूर कळलेली होती. १९४९ साली होमर आणि जेथ्रो या विनोदी जोडीबरोबर तिने एका लोकप्रिय प्रेमगीताचे जे विडंबन मुद्रित केले, तेच तिच्या नावावरील पहिले यश होय. बहिणींच्या आधी ती एकटी गाजली, ती गाण्याची थट्टा करून.

त्या काळातील कंट्री कलावंतांचे जिणे एका रेडिओ केंद्रावरून दुसऱ्याकडे जाण्याचे होते. केंद्रावरचे वेतन थोडके असे. पण रेडिओमुळे आसपासच्या दोनतीनशे मैलांत नाव होई आणि त्या नावावर शाळांच्या सभागृहांतून, चित्रपटगृहांतून रात्रीचे खेळ लावता येत. त्या मुलखातले प्रेक्षक आटले, की बाडबिस्तरा आवरून पुढचे केंद्र गाठायचे. कार्टर मंडळी रिचमंडहून नॉक्सव्हिलला आणि तेथून मिसुरीतील स्प्रिंगफील्डला गेली ती याच हिशेबाने. नॉक्सव्हिलला त्यांना चेट ॲट्किन्स नावाचा एक बुजरा तरुण गिटारवादक भेटला आणि त्यांच्यातलाच एक होऊन गेला. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या सर्वांत प्रतिष्ठित कार्यक्रमाचे बोलावणे जेव्हा आले, तेव्हा तेथील स्थानिक वादकांना या तरुणाची धास्ती वाटून, मंडळींनी यावे पण त्याला आणू नये, असा निरोप मिळाला. एझ्राने साफ नकार दिला. बोलणी बरेच महिने चालली आणि १९५० साली सर्वजण ॲट्किन्ससह तेथे रुजू झाले. हाच ॲट्किन्स पुढे नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाचा एक प्रमुख सूत्रधार झाला. रेडिओच्या कारकुनी दरबारात तत्त्वासाठी नोकरी दूर सारण्याचे धैर्य या टपाल कारकुनाने दाखविले नसते तर काय झाले असते, याची कल्पना मनोरंजक आहे.

ऑप्रीच्या दिवसांत जून कार्टर हे नाव दक्षिणेत घरोघरी पोचले. १९५२ साली तिने कार्ल स्मिथ या त्या वेळच्या अत्यंत लोकप्रिय गायकाशी लग्न केले. १९५५ मध्ये कार्लीन ही मुलगी झाली आणि पुढल्याच वर्षी संसार मोडला. दिग्दर्शक एलिया कझान याने तिच्यातील अभिनयगुण हेरून तिला न्यूयॉर्कला जाण्याचा सल्ला दिला, आणि ती खरोखरच तेथे जाऊन सॅनफर्ड माइझनर या नामांकित गुरूच्या नेबरहुड प्लेहाऊसमध्ये अभिनयाचे पाठ घेऊ लागली. दूरचित्रवाणीवरील ‘गनस्मोक’ या मालिकेत तिने भूमिका केली. तेथेच राहिली असती तर ती नटी म्हणून नावारूपाला आली असती, असे वाटण्यास आधार आहे. चाळीस वर्षांनी नट रॉबर्ट ड्युव्हॉल याने ‘द अपॉसल’ या चित्रपटात आपल्या आईची भूमिका तिला दिली, तेव्हा ती नकळत किती साधेपणाने वावरते ते दिसून आले. पण पदरी मूल होते, आणि उत्पन्नाची खात्री होती ती गाण्याच्या दौऱ्यात. १९५७ मध्ये दुसरे लग्न, १९५८ मध्ये दुसरी मुलगी रोझी. आणि पुन्हा मोटार, पुन्हा रस्ता.

जॉनी कॅशची आणि तिची गाठ १९५६ साली ऑप्रीच्या पडद्यामागे पडली होती, पण त्याच्या दौऱ्यात ती नियमितपणे सामील झाली ती १९६२ पासून. कॅश तेव्हा कीर्तीच्या शिखराकडे जात होता आणि उत्तेजक गोळ्यांच्या व्यसनात त्याच वेगाने बुडत होता. दोघांचीही लग्ने झालेली, त्याला पहिल्या पत्नीपासून चार मुली. या परिस्थितीत जे प्रेम जमले ते चित्रपटांतून जितके गोड दाखविले जाते तितके ते सोपे नव्हते, आणि कॅलिफोर्नियात चार मुली घेऊन बसलेल्या त्या पहिल्या पत्नीची बाजू सांगणारे पुस्तक २००७ साली निघाले, ते वाचकाने विसरू नये. त्या मनःस्थितीत जूनने मर्ल किल्गोर या गीतकाराबरोबर ‘रिंग ऑफ फायर’ हे गाणे रचले. प्रथम ते मुद्रित केले धाकट्या अनिताने. ते फारसे चालले नाही, तेव्हा कॅशने मार्च १९६३ मध्ये त्यात मेक्सिकोच्या धर्तीची तुतारी घालून ते स्वतः गायिले, आणि ते सात आठवडे कंट्री गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी राहिले. हे गाणे जूनचे नव्हेच, कॅशने लिहून तिला बहाल केले, असा दावा त्याच्या पहिल्या पत्नीने उपरोक्त पुस्तकात केला. कॅशने मात्र हयातभर जूनलाच श्रेय दिले. दोन्ही साक्षीदार हितसंबंधी असल्यामुळे निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एवढे खरे, की जिच्या गळ्याबद्दल शंका होती तिच्या लेखणीबद्दलही शंका घेण्यात आली.

कॅशबरोबरच्या तिच्या कामाचे मर्म पाहावयाचे असेल तर ‘जॅक्सन’ हे १९६७ चे युगुलगीत ऐकावे. भांडणाऱ्या नवराबायकोचा हा सवालजबाब आहे. नवरा शहरात जाऊन मजा करण्याच्या वल्गना करतो आणि बायको त्याची रेवडी उडविते. कॅशचा आवाज खोल, जड, पुरुषी. जूनचा खरखरीत आणि चढा. शुद्ध गायनाच्या कसोटीवर हे जुळणे कठीण. परंतु तिने त्यात जागा धरली ती सोंगाच्या अनुभवाने: शब्द कुठे ओढायचा, हसू कुठे पेरायचे, प्रेक्षकांकडे कधी पाहायचे आणि नवऱ्याकडे कधी. अनिताने हेच गाणे अधिक सुरेल म्हटले असते आणि ते निम्मेही चालले नसते. या गाण्याला १९६८ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

१९६८ हे वर्ष त्या दोघांचे. १३ जानेवारीला कॅलिफोर्नियातील फॉल्सम कारागृहात कैद्यांसमोर जो सुप्रसिद्ध कार्यक्रम झाला, त्यात ती त्याच्याबरोबर होती आणि पुरुष कैद्यांपुढे तिने ‘जॅक्सन’ रंगविले. २२ फेब्रुवारीला कॅनडातील लंडन या गावी कॅशने भर कार्यक्रमात, गाणे थांबवून, प्रेक्षकांदेखत तिला मागणी घातली. ती त्याला पुढचे गाणे सुरू करण्याविषयी विनवीत राहिली, प्रेक्षक होकारासाठी ओरडत राहिले, आणि अखेर होकार मिळाला. १ मार्चला केंटकीतील फ्रँक्लिन येथे लग्न झाले. रंगमंचावर जन्म काढलेल्या बाईला मागणीही रंगमंचावरच यावी आणि तिने तेव्हाही आधी कार्यक्रमाचा विचार करावा, हे तिच्या स्वभावाला धरून होते. कॅशला व्यसनातून बाहेर ओढण्याच्या कामी ती एकटी नव्हती. मेबेल आणि एझ्रा त्याच्या तळ्याकाठच्या घरी येऊन राहिले आणि सर्व कुटुंबाने पहारा केला. व्यसन त्याने एकदाचे सोडले असे नाही. ते पुनःपुन्हा उलटे, आणि पहारा पुनःपुन्हा बसवावा लागे.

१९६९ ते १९७१ या काळात नॅशव्हिलच्या राय्मन सभागृहातून कॅशचा दूरचित्रवाणी कार्यक्रम प्रक्षेपित होई, आणि त्यात मदर मेबेल व तिन्ही मुली नियमित असत. १९७० मध्ये मुलगा झाला, १९७१ मध्ये ‘इफ आय वेअर अ कार्पेंटर’ या युगुलगीताला दुसरे ग्रॅमी मिळाले. या सर्व गर्दीत तिची स्वतःची एकटीची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका ‘ॲपलाचियन प्राइड’ १९७५ मध्ये निघाली आणि दुसरी निघायला चोवीस वर्षे गेली. या अवकाशाचे स्पष्टीकरण शोधण्याची गरज नाही. वर्षातून कित्येक महिने दौरा, मोठे घर, दोन्हीकडच्या मिळून सात मुलांचे पालकत्व, दोन पुस्तके आणि अधूनमधून अभिनय. एकटीने गाण्याची निकड तिला वाटली नाही, किंवा वाटली तरी तिला वेळ झाला नाही. पुढच्या पिढीतील कार्लीन कार्टर आणि सावत्र मुलगी रोझॅन कॅश या दोघींनी कंट्री संगीतात स्वतंत्र नाव मिळविले, आणि दोघींच्या वाट्याला घरचे नाव आले ते काही अंशी भांडवल म्हणून, काही अंशी कर्ज म्हणून.

१९९७ मध्ये कॅशची प्रकृती ढासळून दौरे थांबले, आणि तेव्हाच, सत्तरीच्या उंबरठ्यावर, जूनला सवड मिळाली. घराच्या आवारातील लाकडी खोपटात, मोजक्या वाद्यांवर, १९९९ साली तिने ‘प्रेस ऑन’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात ‘रिंग ऑफ फायर’ आहे. तुताऱ्या नाहीत, घाई नाही, आणि मूळ लिहिणारणीच्या तोंडून ते ऐकताना त्यातील भीती प्रथमच लक्षात येते. एका छोट्या कंपनीने काढलेल्या या ध्वनिमुद्रिकेला पारंपरिक लोकसंगीताचे ग्रॅमी मिळाले. त्यानंतरची ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ तिने अंशतः मेसेस स्प्रिंगच्या जुन्या घरी बसून मुद्रित केली. बहुतेक गाणी आई, काका आणि काकू यांच्या संग्रहातली. आवाज थकलेला आहे, स्वर मध्येच घसरतो, आणि ते झाकण्याचा कोणताही प्रयत्न तिने केलेला नाही.

ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होण्यापूर्वीच, हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर, १५ मे २००३ रोजी जूनचे निधन झाले. कॅश त्याच वर्षी ५ जुलैला मेसेस स्प्रिंगजवळच्या कार्टर कुटुंबाच्या नाट्यगृहात शेवटचे गायिला आणि १२ सप्टेंबरला वारला. दोन वर्षांनी आलेल्या ‘वॉक द लाइन’ या चित्रपटात जूनच्या भूमिकेसाठी रीझ विदरस्पूनला ऑस्कर मिळाले. चित्रपट चांगला आहे, पण तो कॅशचा आहे, आणि त्यातली जून त्याला वाचविण्यापुरती येते. २००४ च्या फेब्रुवारीत ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ला दोन ग्रॅमी पारितोषिके जाहीर झाली. एक पारंपरिक लोकसंगीताचे. दुसरे, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कंट्री गायिकेचे, ‘कीप ऑन द सनी साइड’ या गाण्यासाठी; जे कार्टर त्रिकुटाने १९२८ साली मुद्रित केले होते आणि जे त्यांच्या घराण्याचे ओळखगीत होऊन बसले होते.